जुना कोड रुंद रजिस्टरांवर नेताना नेमकं काय बदलतं

फुल एचडी व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख पिक्सेलची मूल्यं काढावी लागतात, आणि रंगाची माहिती यात अजून धरलेलीच नाही. प्रत्येक मूल्यामागे अनेक गुणाकार आणि बेरजा असतात. ग्राफिक्स चिपमध्ये त्या प्रकारच्या व्हिडिओसाठी वेगळी सोय नसली, तरी साधा लॅपटॉप हे काम न अडखळता करतो. त्याचं मोठं श्रेय प्रोसेसरमधल्या व्हेक्टर इन्स्ट्रक्शनना आहे, आणि त्या हाताने एकेक करून बसवणाऱ्या मोजक्या लोकांना.

या लोकांच्या कामातला एक भाग फारसा चर्चेत येत नाही. आधीच्या पिढीच्या व्हेक्टर इन्स्ट्रक्शनसाठी लिहिलेला, नीट चालणारा, घासूनपुसून झालेला कोड नव्या पिढीच्या इन्स्ट्रक्शनवर नेणं. लांबून पाहणाऱ्याला ते सोपं वाटतं. रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधला संख्या ठेवायचा छोटा कप्पा, आधी १२८ बिटांचं होतं, आता २५६ बिटांचं झालं. कोडमधली नावं बदला, की वेग दुप्पट. प्रत्यक्षात तसं क्वचितच घडतं. माझं ठाम मत असं आहे की या स्थलांतरात रुंदी ही सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट आहे. मिळतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि अडतंही वेगळ्याच ठिकाणी.

आधी मूळ कल्पना. साधी इन्स्ट्रक्शन एका वेळी एका संख्येवर काम करते: दोन संख्या घे, बेरीज कर, ठेव. व्हेक्टर इन्स्ट्रक्शन एकाच हुकमात अनेक संख्यांवर तेच काम करते. शेतात एकेक दाणा हाताने टोचण्यापेक्षा तिफण चालवली, की बैलांच्या एकाच फेरीत तीन ओळी पेरून होतात, तसं. तिफणीची अटही इथे लागू होते: तिन्ही ओळींत एकाच वेळी, एकाच चालीने काम झालं पाहिजे. पहिल्या ओळीत पेरणी आणि दुसऱ्या ओळीत खुरपणी असं चालत नाही. १२८ बिटांच्या रजिस्टरमध्ये आठ बिटांचे १६ पिक्सेल मावतात, २५६ बिटांच्या रजिस्टरमध्ये ३२ आणि ५१२ बिटांच्या रजिस्टरमध्ये ६४.

इंटेलच्या घराण्यात याची सुरुवात १९९७ मध्ये एमएमएक्सने झाली. ती रजिस्टरं ६४ बिटांची होती, आणि दशांश गणिताची जुनी रजिस्टरंच त्यासाठी उसनी घेतली होती. त्यामुळे दोन्ही प्रकारचं गणित एकमेकांत मिसळता येत नसे. १९९९ मध्ये पेंटियम ३ बरोबर एसएसई आलं आणि १२८ बिटांची स्वतंत्र रजिस्टरं मिळाली. पेंटियम ४ मधल्या एसएसई२ ने पूर्णांकांचं गणितही या रजिस्टरांवर आणलं. २०११ मध्ये एव्हीएक्स, २०१३ मध्ये हॅसवेल प्रोसेसरांत एव्हीएक्स२, आणि नंतर एव्हीएक्स-५१२. एव्हीएक्सने २५६ बिट दिले ते फक्त दशांश संख्यांसाठी. पिक्सेलसारख्या पूर्णांकांना ती रुंदी एव्हीएक्स२ येईपर्यंत मिळाली नाही. म्हणून व्हिडिओवाल्यांच्या दृष्टीने खरं वळण २०१३ चं.

आता एक खरं उदाहरण घेऊ. व्हिडिओ दाबून लहान करणारा एनकोडर सतत एक प्रश्न विचारत असतो: या फ्रेममधला हा चौकोन आधीच्या फ्रेममधल्या कुठल्या चौकोनाशी जास्त जुळतो? उत्तरासाठी तो दोन चौकोनांतले पिक्सेल जोडीजोडीने वजा करतो, चिन्ह काढून टाकतो आणि सगळे फरक मिळवतो. बेरीज जितकी लहान तितकं साम्य जास्त. १६ गुणिले १६ च्या चौकोनासाठी २५६ वजाबाक्या, २५६ वेळा चिन्ह काढणं आणि २५५ बेरजा. आणि हे एका जागेसाठी. एनकोडर अशा कितीतरी जागा चाचपून पाहतो.

एसएसई२ मध्ये या कामासाठी एक खास इन्स्ट्रक्शन आहे, पीएसएडीबीडब्ल्यू. ती १६ जोड्या घेते आणि फरक, चिन्ह काढणं व बेरीज हे तिन्ही एका दमात करते. चौकोनाची एक ओळ १६ पिक्सेलची, रजिस्टरही १६ पिक्सेलचं. १६ ओळींसाठी १६ वेळा ती इन्स्ट्रक्शन, मधल्या काही बेरजा, काम झालं. इतकं चपखल बसणं दुर्मीळ असतं.

हाच कोड एव्हीएक्स२ वर न्यायचा तर? तीच इन्स्ट्रक्शन आता ३२ जोड्या घेते, म्हणजे ८ वेळा वापरून भागायला हवं. पण चौकोनाची ओळ १६ पिक्सेलचीच आहे. स्मृतीत सलग ३२ बाइट वाचले, तर त्यांतले पहिले १६ आपल्या चौकोनातले आणि पुढचे १६ शेजारच्या चौकोनातले. आपल्याला हवी असलेली खालची ओळ तिथे नाहीच. ती फ्रेमच्या पूर्ण रुंदीइतकी, म्हणजे १९२० किंवा त्याहून जास्त बाइट पुढे आहे. मग एक ओळ रजिस्टरच्या खालच्या अर्ध्या भागात वाचायची, दुसरी वेगळ्या इन्स्ट्रक्शनने वरच्या अर्ध्या भागात घालायची. जे वाचवलं त्यातलं काही इथे खर्च झालं. शेवटी दोन्ही अर्ध्या भागांतल्या बेरजा एकत्र करायला आणखी एक-दोन पायऱ्या. फायदा होतो, पण दुपटीच्या जवळही जात नाही.

एक्स२६४ या प्रसिद्ध एनकोडरच्या लेखकांनी एक गोष्ट फार आधीपासून केलेली आहे. ज्या चौकोनासाठी शोध चालू आहे, तो ते एका छोट्या वेगळ्या जागेत उतरवून घेतात आणि तिथे ओळींमधलं अंतर बरोबर १६ बाइट ठेवतात. म्हणजे त्या बाजूला दोन ओळी स्मृतीतच शेजारी शेजारी आल्या, आणि ३२ बाइट एका वाचनात मिळाले. अडचण फक्त दुसऱ्या बाजूला, आधीच्या फ्रेमकडे उरली. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण इथे वेग आला तो माहिती कुठे आणि कशी मांडली आहे त्यातून. इन्स्ट्रक्शन बदलणं हे त्यानंतरचं काम. अनुभवी माणूस नव्या प्रोसेसरवर कोड नेताना आधी माहितीची मांडणी पाहतो ती याचसाठी.

याच उदाहरणातून आणखी एक गोष्ट दिसते. एच.२६४ या व्हिडिओ प्रकारातला मूळ चौकोन १६ गुणिले १६ चा. एव्ही१ या नव्या प्रकारात तो १२८ गुणिले १२८ पर्यंत जातो. मोठ्या चौकोनांत एक ओळच ६४ किंवा १२८ पिक्सेलची, त्यामुळे रुंद रजिस्टर आपोआप भरतं. पण त्याच व्हिडिओत बारीक तपशिलासाठी ४ गुणिले ४ चे चौकोनही असतात. त्यांचे एकूण पिक्सेलच १६. तिथे ५१२ बिटांच्या रजिस्टरचा बहुतेक भाग रिकामाच राहणार. म्हणून चांगल्या प्रकल्पांत सगळी फंक्शनं, म्हणजे एकेक ठराविक काम करणारे कोडचे तुकडे, नव्या रुंदीवर नेलेली दिसत नाहीत. काही फंक्शनं वीस वर्षांपूर्वीच्या रूपातच उत्तम चालतात आणि त्यांना हात लावण्याचं कारण नसतं.

यानंतर येते ती अडचण जिच्यापाशी नवखा माणूस हमखास थबकतो: लेन. एव्हीएक्स२ चं २५६ बिटांचं रजिस्टर दिसायला एक असलं, तरी बऱ्याच इन्स्ट्रक्शनच्या दृष्टीने ती १२८ बिटांची दोन रजिस्टरं आहेत, मध्ये भिंत असलेली. बेरीज-वजाबाकीत हे जाणवत नाही, कारण तिथे प्रत्येक खण, म्हणजे एका संख्येची जागा, आपापलं काम करतो. पण बाइट इकडून तिकडे हलवायचे असले, दोन रजिस्टरं गुंफायची असली, किंवा १६ बिटांच्या संख्या आवळून ८ बिटांच्या करायच्या असल्या, की भिंत आड येते. खालच्या अर्ध्यातला बाइट वरच्या अर्ध्यात जात नाही.

आवळण्याची इन्स्ट्रक्शन घेऊ. एसएसई२ मध्ये क आणि ख अशी दोन रजिस्टरं दिली, की उत्तरात आधी सगळा क आणि मग सगळा ख येतो. एव्हीएक्स२ मध्ये तीच इन्स्ट्रक्शन आधी क चा खालचा अर्धा भाग, मग ख चा खालचा अर्धा, मग क चा वरचा, मग ख चा वरचा असं उत्तर देते. मधले दोन तुकडे उलटे लागले. चित्रात हे सरळ दिसतं: आठ-आठ पिक्सेलचे पट्टे एकमेकांच्या जागी गेलेले. दुरुस्तीसाठी ६४ बिटांचे तुकडे भिंतीपलीकडे नेणारी वेगळी इन्स्ट्रक्शन वापरावी लागते, आणि भिंत ओलांडणाऱ्या अशा इन्स्ट्रक्शन इंटेलच्या प्रोसेसरांवर सहसा १ ऐवजी ३ क्लॉक सायकल, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, घेतात.

मात्र इथे एक सुंदर पळवाटही आहे. समजा दोन चित्रं एकमेकांत मिसळायची आहेत. त्यासाठी ८ बिटांचे पिक्सेल आधी १६ बिटांचे करावे लागतात, गणित करावं लागतं आणि मग परत ८ बिटांवर आणावं लागतं. फुगवण्यासाठी जुनी गुंफण्याची इन्स्ट्रक्शन वापरली, तर तीही भिंतीच्या आतच काम करते, म्हणजे क्रम त्याच पद्धतीने विस्कटतो. नंतर आवळणारी इन्स्ट्रक्शन तो विस्कटलेला क्रम बरोबर उलट्या वाटेने सरळ करते. दुरुस्तीची गरजच पडत नाही. पण कुणी फुगवण्यासाठी नवी, भिंत न मानणारी इन्स्ट्रक्शन वापरली आणि आवळण्यासाठी जुनी ठेवली, की गडबड सुरू. जुना कोड नेताना प्रत्येक इन्स्ट्रक्शनचं नाव तेच राहतं, वागणं मात्र बदलतं. ओळ ओळ बदलत गेलेला माणूस इथे फसतो. संपूर्ण फंक्शनमधून माहिती कशी वाहते हे कागदावर काढणारा सुटतो.

पुढचा प्रश्न शेपटीचा, म्हणजे ओळीच्या शेवटी उरणाऱ्या पिक्सेलचा. १३६६ पिक्सेल रुंदीचे लॅपटॉप आपल्याकडे वर्षानुवर्षं विकले गेले, तर ती रुंदीच घेऊ. १६-१६ च्या घासात ८५ घास होतात आणि ६ पिक्सेल उरतात. ते एकेक करून केले तर एकूण ९१ फेऱ्या. ३२ च्या घासात ४२ घास आणि २२ उरले, एकूण ६४ फेऱ्या. ६४ च्या घासात २१ घास आणि पुन्हा २२ उरले, एकूण ४३. म्हणजे रुंदी दुप्पट झाली तरी फेऱ्या ९१ वरून ६४ वरच आल्या, कारण घास मोठा झाला की उष्टंही मोठं उरतं. लहान मजकूर किंवा छोटी चित्रं हाताळणाऱ्या फंक्शनांत तर शेपटीच मुख्य काम होऊन बसते.

यावर जुना उपाय असा: शेवटचा घास थोडा मागे सरकवून घ्यायचा. पहिले १३३४ पिक्सेल सोडून पुढचे ३२ घेतले की बरोबर शेवटाला पोचतो. काही पिक्सेलवर दोनदा काम होतं, पण वेगळ्या जागी लिहीत असू तर दोन्ही वेळा उत्तर तेच येतं. मग एकूण ४३ फेऱ्या. मात्र जागच्या जागी बेरीज करत असू, तर दोनदा मिळवलं जाईल आणि उत्तर चुकेल. दुसरा उपाय व्हिडिओवाल्यांचा आवडता: फ्रेमसाठी जागा घेतानाच प्रत्येक ओळीच्या शेवटी थोडी जादा सोडायची, म्हणजे पुढे वाचलं-लिहिलं तरी कुणाचं नुकसान नाही. पण जागा दुसऱ्याची असेल तर हे करता येत नाही. बफर, म्हणजे माहितीसाठी घेतलेली जागा, संपल्यावर पुढचा एक बाइट वाचायचा प्रयत्न केला आणि तिथे स्मृतीचं ४०९६ बाइटांचं पान संपत असलं, तर प्रोग्राम तिथेच कोसळू शकतो.

एव्हीएक्स-५१२ ने इथे खरा फरक पाडला, तो मास्कमुळे. मास्कची रजिस्टरं आठ आहेत आणि त्यांतला एकेक बिट रजिस्टरच्या एकेका खणाला सांगतो: तू काम कर, तू गप्प बस. उरलेले २२ पिक्सेल असले तर २२ बिट चालू, बाकी बंद, आणि तोच मुख्य लूपमधला, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणाऱ्या भागातला, कोड शेवटच्या घासालाही चालतो. बंद खणांसाठी स्मृती वाचली गेली तरी चूक धरली जात नाही. पान ओलांडण्याची भीती संपली. जागच्या जागी बेरीजही बिनधोक. आपल्या १३६६ च्या ओळीला २२ फेऱ्या पुरतात.

मास्कशिवायही त्या संचात खूप काही आहे. रजिस्टरांची संख्या १६ वरून ३२ झाली, त्यामुळे मधली उत्तरं स्मृतीत ठेवण्याची ये-जा कमी झाली. तीन रजिस्टरांवरची कुठलीही तर्कक्रिया, आणि अशा २५६ शक्य आहेत, एकाच इन्स्ट्रक्शनने होते. इंटेलच्या आइस लेक पिढीपर्यंत ६४ बाइटांची हवी तशी फेरमांडणी एका इन्स्ट्रक्शनमध्ये करता येऊ लागली, भिंतीबिंती न पाहता. आणि चार-चार बाइटांचे गुणाकार करून त्यांची बेरीज थेट ३२ बिटांच्या खणात मिळवणारी इन्स्ट्रक्शन आली. पूर्वी याला तीन इन्स्ट्रक्शन लागत, आणि मधल्या पायरीत १६ बिटांची मर्यादा ओलांडली की मूल्य तिथेच छाटलं जाई. व्हिडिओतले आठ बिंदूंचे फिल्टर या इन्स्ट्रक्शनच्या दोन वापरांत बसतात. व्हिडिओलॅनचा 'डेव्हिड' हा एव्ही१ डीकोडर, म्हणजे दाबलेला व्हिडिओ उलगडणारा प्रोग्राम, जो फायरफॉक्स आणि व्हीएलसीमध्ये आहे, एव्हीएक्स-५१२ चा कोड वापरतो तो आइस लेकच्या पातळीपासून पुढेच. त्याआधीच्या प्रोसेसरांत रुंदी होती, पण या कामाच्या सगळ्या इन्स्ट्रक्शन नव्हत्या. कामाचं काय आहे हे ओळखणाऱ्यांनी घेतलेला हा निर्णय मला अगदी पटतो.

रुंदीच सर्व काही नाही याचा सगळ्यात चांगला पुरावा एएमडीने दिला. २०२२ च्या झेन ४ प्रोसेसरांत एव्हीएक्स-५१२ आलं, पण आतली गणितयंत्रं २५६ बिटांचीच होती; ५१२ बिटांचं काम दोन भागांत होत असे. तरीही अनेक प्रोग्राम एव्हीएक्स२ पेक्षा वेगाने चालले. इन्स्ट्रक्शन कमी लागत, मास्क होते, फेरमांडणी स्वस्त होती. पूर्ण ५१२ बिटांची यंत्रं झेन ५ मध्ये, २०२४ साली आली.

उलट बाजूचा धडा २०१७ चा आहे. इंटेलच्या त्या वेळच्या सर्व्हर प्रोसेसरांत ५१२ बिटांच्या जड इन्स्ट्रक्शन चालू झाल्या, की गाभ्याची (कोअरची) गती उतरवली जाई, कारण तेवढी वीज आणि उष्णता झेपत नसे. गती लगेच पूर्ववतही होत नसे. वेबसाइटना सेवा पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या एका अभियंत्याने याची मोजणी जाहीर केली. त्यांच्या वेब सर्व्हरवर एन्क्रिप्शनचा एक छोटासा भाग एव्हीएक्स-५१२ वापरत होता. तो भाग स्वतः वेगवान झाला, पण उतरलेल्या गतीत बाकीचं सगळं काम रेंगाळलं, आणि सर्व्हरची एकूण कामगिरी सुमारे १० टक्के घटली. फंक्शन एकटं मोजलं तर जिंकलेलं, सगळा प्रोग्राम मोजला तर हरलेलं. पुढच्या पिढ्यांत हा दंड बराच कमी झाला आहे. पण मोजणी नेहमी पूर्ण प्रोग्रामची करायची, ही सवय तेव्हापासून अनेकांना लागली, आणि ती चांगलीच सवय आहे.

साधं अंकगणितही हेच सांगतं. एखादं फंक्शन एकूण वेळेच्या ३० टक्के खात असेल आणि आपण ते दुप्पट वेगवान केलं, तर एकूण वेळ १०० वरून ८५ वर येते. फंक्शन फक्त ३ टक्के खात असेल, तर आठवडाभराची मेहनत कुणाच्या लक्षातही येणार नाही. आणि काम स्मृतीतून माहिती येण्याची वाट पाहण्यातच जात असेल, तर रजिस्टर कितीही रुंद करा, नळाला पाणी तेवढंच येणार. कॅशची, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान स्मृतीची, एक ओळ ६४ बाइटांची असते. ५१२ बिटांचं एक वाचन म्हणजे बरोबर एक पूर्ण ओळ. पत्ता ६४ च्या पटीत नसला, तर प्रत्येक वाचन दोन ओळींवर पडतं. १६ बाइटांच्या वाचनात असं चारातून एकदाच होई. म्हणून जुन्या कोडमध्ये चालून गेलेली बेशिस्त मांडणी नव्या रुंदीत महाग पडते.

आता कोड चालवायचा कुठे, हा प्रश्न. २०२१ मध्ये इंटेलचे आल्डर लेक प्रोसेसर आले. त्यांत दोन प्रकारचे गाभे होते: मोठ्या गाभ्यांत एव्हीएक्स-५१२ ची यंत्रणा होती, छोट्यांत नव्हती. चालू प्रोग्राम कुठल्याही क्षणी एका गाभ्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो, त्यामुळे शेवटी ती सोय सगळीकडेच बंद ठेवावी लागली. म्हणजे नवा प्रोसेसर घेतला म्हणून नव्या इन्स्ट्रक्शन मिळतील याची खात्री नाही. प्रोसेसरच्या नावावरून किंवा वर्षावरून अंदाज बांधणारा कोड लिहूच नये. चालू होताना प्रोसेसरला प्रत्येक सोयीबद्दल स्वतंत्रपणे विचारायचं, आणि ऑपरेटिंग सिस्टिम ती रुंद रजिस्टरं जपून ठेवते का हेही विचारायचं. हे दुसरं विचारणं अनेक जण विसरतात. सिस्टिम एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे वळताना रजिस्टरं जपून ठेवते. तिने वरच्या बिटांची व्यवस्था चालू केलेली नसेल, तर प्रोसेसरमध्ये सोय असूनही प्रोग्राम बेकायदा इन्स्ट्रक्शनच्या तक्रारीने मरतो.

त्यामुळे एकाच फंक्शनची चार-पाच रूपं सोबत न्यायची आणि सुरुवातीला एक निवडायचं, अशी रीत आहे. लिनक्सवरची जीलिबसी ही पायाभूत लायब्ररी मजकूर उतरवणं, त्याची लांबी मोजणं यांसारख्या रोजच्या फंक्शनांसाठी हेच करते. तिथला एक बारकावा सांगण्यासारखा आहे. जुन्या एसएसई इन्स्ट्रक्शन रजिस्टरच्या वरच्या भागाला हात लावत नाहीत. नव्या धाटणीच्या इन्स्ट्रक्शन तो शून्य करतात. दोन्ही मिसळले की काही प्रोसेसरांवर प्रत्येक अदलाबदलीला दंड बसतो. म्हणून एव्हीएक्सचं फंक्शन संपताना वरचे भाग शून्य करणारी एक इन्स्ट्रक्शन टाकायची असते. ती विसरली तर आपलं फंक्शन वेगवान दिसतं, आणि हळू होतो तो आपल्यानंतर चालणारा, भलत्याच कुणाचा कोड. एव्हीएक्स-५१२ मधली नवी १६ रजिस्टरं जुन्या इन्स्ट्रक्शनना दिसतच नाहीत. तेवढीच वापरली, तर हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही, आणि जीलिबसीने आपल्या काही रूपांत नेमकं तेच केलं आहे.

हे सगळं कंपायलरवर, म्हणजे लिहिलेल्या कोडचं प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामवर, सोपवता येत नाही का? बरंच सोपवता येतं, आणि जमेल तिथे सोपवावं. २०२२ च्या जीसीसी १२ या कंपायलरपासून -ओ२ या कोड सुधारण्याच्या नेहमीच्या पातळीवरही तो लूप आपणहून व्हेक्टरमध्ये बदलू पाहतो. साध्या बेरजा-गुणाकारांच्या लूपमध्ये तो छान काम करतो. दोन पॉइंटर (स्मृतीतले पत्ते) एकाच जागेकडे बोट दाखवत असतील अशी शंका आली, किंवा बाइटांची गुंतागुंतीची फेरमांडणी असली, की तो माघार घेतो किंवा ओबडधोबड कोड देतो. दशांश संख्यांची बेरीज तर तो मुद्दामच बदलत नाही, कारण बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात, आणि तो निर्णय माणसाने घ्यायचा असतो.

व्हिडिओत हा प्रश्न जास्त कडक आहे. डीकोडरने प्रत्येक बिट तंतोतंत तोच काढला पाहिजे, कारण पुढची फ्रेम मागच्या फ्रेमवरून बांधली जाते. एका पिक्सेलमधला १ चा फरक पुढच्या फ्रेममध्ये पसरतो, आणि काही सेकंदांत चित्रावर डाग दिसू लागतात. म्हणून एफएफएमपेग (व्हिडिओ हाताळणाऱ्या प्रोग्रामांचा संच) आणि डेव्हिड या दोन्ही प्रकल्पांत 'चेकअ‍ॅझम' नावाचं साधन आहे. ते फंक्शनचं साधं सी भाषेतलं रूप आणि असेंब्लीतलं, म्हणजे थेट प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शनमध्ये लिहिलेलं, रूप यांना यादृच्छिक माहिती देतं आणि उत्तरं बाइट-बाइट ताडून पाहतं. जी रजिस्टरं जपायला हवीत ती जपली का, हेही तपासतं. विंडोजवर लिनक्सपेक्षा जास्त रजिस्टरं जपावी लागतात, आणि तिथल्या चुका हाताने शोधताना जीव जातो. सी भाषेतलं संथ, सरळ रूप कधीही फेकून देऊ नये ते याचसाठी. बाकी सगळी रूपं त्याच्याशी ताडली जातात.

फोनमध्ये असणाऱ्या आर्म प्रोसेसरांच्या बाजूला गेलो की वाट बदलते. फोनमधलं निऑन, म्हणजे आर्मचा व्हेक्टर इन्स्ट्रक्शनचा संच, आजही १२८ बिटांचंच आहे, पण ६४ बिटांच्या आर्ममध्ये रजिस्टरं ३२ मिळतात. एसएसईवरून तिथे जाताना एक उणीव लगेच जाणवते: १६ बाइटांच्या तुलनेचं उत्तर १६ बिटांत गोळा करणारी इन्स्ट्रक्शन तिथे नाही. शब्द शोधणारा, मजकूर चाळणारा सगळा कोड तिच्यावर उभा असतो. जाणकार तिथे उजवीकडे सरकवून अर्धं करणारी इन्स्ट्रक्शन वापरतात आणि प्रत्येक बाइटमागे ४ बिट असा ६४ बिटांचा मास्क मिळवतात. मोजताना शेवटी चाराने भागायचं. शब्दशः भाषांतर केलं असतं तर पाच-सहा इन्स्ट्रक्शन लागल्या असत्या.

आर्मच्या एसव्हीई या नव्या संचात तर रुंदी कोडमध्ये लिहायचीच नाही. १२८ ते २०४८ बिट, जी प्रोसेसरमध्ये असेल ती लूप स्वतः विचारतो आणि मास्कच्या मदतीने तेवढे घास घेतो. जपानच्या फुगाकू महासंगणकात ती ५१२ बिट आहे. आर्मच्या निओव्हर्स व्ही१ गाभ्यात २५६ बिटांची दोन यंत्रं होती. त्यानंतरच्या व्ही२ मध्ये १२८ बिटांची चार आली. एका वेळी होणारं एकूण काम तेवढंच, पण पुढच्या पिढीत रजिस्टर अरुंद झालं! २५६ हा आकडा गृहीत धरून लिहिलेला कोड तिथे मोडला, आणि रुंदी विचारून चालणारा कोड न बदलता चालला. आपल्याकडे सी-डॅकच्या 'ऑम' प्रोसेसरची आखणी व्ही१ गाभ्यांवर झाली आहे, त्यामुळे त्यासाठी कोड तयार करणाऱ्यांपुढेही हीच निवड आहे.

इंटेलच्या जगातही चित्र हलतं आहे. २०२३ मध्ये त्यांनी एव्हीएक्स१० जाहीर केलं तेव्हा काही प्रोसेसरांत फक्त २५६ बिट असतील अशी योजना होती; २०२५ मध्ये ती बदलून ५१२ बिट सगळीकडे अनिवार्य केले. मधल्या काळात ज्यांनी मास्क, ३२ रजिस्टरं आणि नव्या फेरमांडणीच्या इन्स्ट्रक्शन २५६ बिटांच्या रुंदीवरच वापरल्या, त्यांना या बदलाने काही फरक पडला नाही. आज एव्हीएक्स२ चा कोड पुढे नेणाऱ्याला मी हीच वाट सुचवेन: आधी रुंदी तशीच ठेवून नव्या इन्स्ट्रक्शन आणि मास्क आणायचे, पूर्ण प्रोग्राम मोजायचा, आणि ज्या फंक्शनांत एक ओळ ६४ बाइटांची किंवा त्याहून मोठी आहे तेवढीच मग ५१२ वर न्यायची.